कांबळे वकीलबाईंचं डच कोर्ट

कांबळे वकीलबाई कॉफीच्या मशीनला मान झुकवतात. दारातून आत आल्या की थबकायचं, पदर सारखा करायचा, समोर बघून अदबीनं मान खाली, आणि मगच पुढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी धरायला धावलो, तर माझ्यावरच डाफरल्या.

"सोड! डायस आहे तिथे."

डायस म्हणजे न्यायाधीशांची उंच बैठक. ती तिथे होती, पण फार पूर्वी. हे कॅफे म्हणजे एकेकाळचं जिल्ह्याचं कोर्ट. कोर्ट आता स्टेशनपलीकडच्या काचेच्या इमारतीत गेलंय आणि या जुन्या विटांच्या इमारतीत लोक सफरचंदाचा केक खातात. बाईंच्या लेखी मात्र कोर्ट अजून उठलेलं नाही. कॉफी करणारी उंच मुलगी सुरुवातीला गोंधळायची. हल्ली तीही वाकते.

या कोर्टाशी माझा संबंध आला तो बाईंच्या मुलामुळे. मिलिंद आणि मी कापेल आन डेन आयसेल या डच गावात एकाच इमारतीत राहतो. त्याचा घटस्फोट झाला, श्वेता नोकरीसाठी बेस्ट नावाच्या गावी गेली आणि त्यांची मुलगी मेत्ता तिच्याबरोबर गेली. एक आठवडा सोडून दर शनिवारी मेत्ता मिलिंदकडे येते. दोघांच्या मध्ये पडणारं गाव, त्यात स्टेशनजवळचं कॅफे, म्हणून मुलीची देवाणघेवाण इथे व्हायला लागली, आणि सोबत म्हणून मीही यायला लागलो. ही जागा पूर्वी काय होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुलाचा संसार मोडल्यावर व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईनं मात्र दारावरची डोळे बांधलेली दगडी न्यायदेवता पाहिली आणि म्हणाली, "वा! पोरांनी जागा बरोबर शोधलीय."

मिलिंद त्या दिवशी जेवला नाही.

बाईंनी उभा जन्म सांगलीकडच्या एका तालुका कोर्टात वकिली केली, आणि तीही बहुतेक नवरा-बायकोच्या भांडणांची. त्यामुळे बोलणं सगळं कोर्टाच्या भाषेत. मेत्ता येणार असेल तो शनिवार म्हणजे 'तारीख'. भाजीत मीठ कमी पडलं की "नोंद घ्यावी". न्यायदेवतेच्या तराजूच्या एका पारड्यात नेहमी एक कबूतर बसलेलं असतं. त्याच्याकडे बोट दाखवून त्या दरवेळी "हरकत आहे" म्हणतात. घरी त्यांना काकू म्हटलेलं चालतं. या इमारतीत शिरलं की मॅडम म्हणायचं.

मी त्यांना मॅडम म्हणत गेलो आणि त्या मला कोर्ट दाखवत गेल्या. दोन जिने का आहेत? एक न्यायाधीशांचा, एक आरोपीचा. निकालाआधी दोघांची गाठ पडता कामा नये. खिडक्या माणसाच्या डोक्यावर का? "उजेड आत यावा, रस्ता आत येऊ नये. आमच्याकडे खिडकीतून भेळेची गाडी दिसायची. माझे साक्षीदार अर्ध्या उलटतपासणीत भुकेजायचे." न्यायाधीशांच्या चेंबरचं आता स्वच्छतागृह झालंय. तिथे जायला बाईंचा साफ नकार. त्या भर पावसात स्टेशनपर्यंत चालत जातात.

पण इथे साक्षीदाराचा पिंजरा नाही, याचा त्यांना मनापासून राग होता. "पिंजरा नाही, मग माणूस खरं बोलणार कुठे?" असं त्यांनी केक आणून देणाऱ्या पोराला मराठीत विचारलं. तो म्हणाला, "क्रीम हवंय का?"

बाईंच्या परतीच्या विमानाआधीचा शेवटचा शनिवार आला. दोन दिवस नातीला जवळ झोपवायचं, तिच्यासाठी पुरणपोळ्या करायच्या, असं बाईंनी कधीचं ठरवलं होतं. मिलिंद तापानं फणफणला होता, म्हणून बाईंना गाडीत घेऊन मी एकटाच निघालो. तेवढ्यात श्वेताचा मेसेज आला. दुपारी मेत्ताची पोहण्याची परीक्षा आहे. या पाण्याच्या देशात मुलांना कपडे-बूट घालून पोहून दाखवावं लागतं, तेव्हा कुठे डिप्लोमा मिळतो. परीक्षा चुकवता येणार नाही. श्वेता मेत्ताला फक्त थोडा वेळ भेटवायला आणत होती.

हायवेभर बाई युक्तिवाद तयार करत होत्या. परीक्षा पुन्हा देता येते. आजी पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. व्हिसा आहे, गुडघे आहेत. "श्वेता हुशार आहे, पण उलटतपासणीत टिकायची नाही," असं त्यांनी मला बजावलं. मला त्यांची बाजू बिनतोड वाटली.

त्या दिवशी बाई आत गेल्याच नाहीत. मुख्य दार आणि कॅफे यांच्यामधल्या लांब व्हरांड्यात भिंतीला ठोकलेला एक लाकडी बाक आहे. जुन्या कोर्टाच्या सामानातला तेवढाच उरलाय. त्यावर बसल्या. मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता.

"आमच्याकडेही असाच बाक होता," त्या हळूच म्हणाल्या. "मुलाच्या ताब्याची केस असली की त्यावर आज्या येऊन बसायच्या. डबा घेऊन. 'वकीलबाई, साहेबांपुढं मला दोन शब्द बोलू द्या.' मी म्हणायची, आजी, तुम्ही पक्षकार नाही. तुम्ही बाहेर बसा."

मी त्यांच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"कायद्यानं बरोबरच होतं," बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मला रडू येईल की काय, अशी भीती वाटली.

दार ढकलून मेत्ता धावत आली. "हॉई, आजी!" मागून श्वेता. ती बाईंच्या पाया पडली आणि ओशाळून म्हणाली, "आई, अगदी थोडाच वेळ आहे हं. सॉरी."

आता बाई उभ्या राहतील, मुद्दे मांडतील, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "हो गं. परीक्षा महत्त्वाची."

एवढंच. सगळा युक्तिवाद गाडीतच राहिला होता.

मग त्यांनी मेत्ताकडे पाहिलं. "हे असे मोकळे केस घेऊन पोहणार? बस इथं." पर्समधून कंगवा काढला आणि दोन घट्ट वेण्या घालायला घेतल्या. मेत्ता वडी खात 'आउ, आउ' करत होती. वेण्या झाल्या. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं, म्हणाल्या, "वाकड्या झाल्या," आणि दोन्ही सोडल्या. पुन्हा भांग, पुन्हा पेड, आता आणखी सावकाश. त्याही सोडल्या.

"आजी, इट वॉज फाइन!" मेत्ता वैतागली.

खरंच छान होत्या. पहिल्याही आणि दुसऱ्याही. मला दिसत होतं. श्वेतालाही दिसत होतं. तिसऱ्यांदा वेण्या पुऱ्या होत आल्या तशा बाई एकेक पेड दोनदोनदा चाचपून बघायला लागल्या. श्वेतानं बाहेर बघितलं, मग खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि सासूला लागून बाकावर बसली.

"आई," ती म्हणाली, "डावी अजून वाकडी वाटतेय. परत घाला."