भाऊसाहेबांनी केक खाल्ला

"कुत्रा सांभाळायला काय अक्कल लागते?" सरांनी विचारलं, आणि चपला घालता घालता बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की उत्तराची गरजच उरली नाही.

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. अर्धं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या शेजारच्या सीटवर काढलं होतं. उजवं सांगितलं की डावीकडे वळणारे, खांब दिसला की डोळे मिटून घेणारे, अशा सगळ्यांना त्यांनी माणसांत आणलं होतं. तिथे एका कुत्र्याची काय कथा!

कुत्रा मोठ्या मेहुणीचा. ती चार दिवस परगावी गेली होती. कुत्र्याचं नाव तिने भाऊसाहेब ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला शोभतही होतं. बसायचा तो थेट निवृत्त अधिकाऱ्यासारखा, हनुवटी वर करून, समोरच्याचा अर्ज फेटाळल्याच्या चेहऱ्याने.

"नीट ऐका," बायको दारातून म्हणाली. "द्राक्षं द्यायची नाहीत. मनुका नाहीत, चॉकलेट नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. कुत्र्यांना विष असतं ते. ताईने बजावून सांगितलंय."

"अगं, झालं म्हणून समज!"

बायको कामावर गेली आणि सरांनी स्वयंपाकघराचा बंदोबस्त सुरू केला. कांद्याची टोपली माळ्यावर गेली. मनुकांची बरणी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. द्राक्षं सरांनी स्वतःच खाऊन टाकली. चॉकलेटला मात्र सुरक्षित जागा सापडेना, म्हणून ते त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. सगळं आटोपल्यावर हात झटकून ते भाऊसाहेबांना म्हणाले, "आता बोला!"

भाऊसाहेबांनी फक्त हनुवटी आणखी वर केली.

टेबलावर फक्त एक केक उरला होता. सरांचे वडील, म्हणजे अप्पा, मधुमेहाचे. त्यांची जीभ गोडासाठी वळवळत असे, म्हणून सुनेने साखर न घालता तो मुद्दाम केला होता. "रोज एकच तुकडा, अप्पा," असं तिने त्यांना बजावलंही होतं. त्यात ना मनुका, ना चॉकलेट. सर निश्चिंत मनाने आंघोळीला गेले.

तोच शर्ट पुन्हा चढवून बाहेर आले तर केक गायब! रिकामी ताटली जमिनीवर, ताटलीशेजारी भाऊसाहेब जिभल्या चाटत बसलेले, मिशांना भुगा चिकटलेला. पलीकडे आरामखुर्चीत अप्पा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते.

"अप्पा, केक कुठाय?"

"कुठला केक?" वर्तमानपत्र म्हणालं.

"टेबलावरचा!"

"मला काय माहीत? मी झोपलोय."

सरांना हसू आलं. अख्खा केक! तरी पोटबिट बिघडायला नको, म्हणून त्यांनी मेहुणीने दिलेल्या नंबरवर जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"पेशंट कोण?" तिकडून एका मुलीने विचारलं.

"भाऊसाहेब."

"तुमचं नाव नको हो, पेशंटचं सांगा."

"अहो, पेशंटच भाऊसाहेब! कुत्रा आहे तो."

शेवटी डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. सरांनी ऐटीत हकिगत सांगितली. "चॉकलेट नव्हतं बरं का! मनुका कुलपात आहेत. आणि केकमध्ये साखरेचा कणसुद्धा नाही. शुगर-फ्री!"

पलीकडे एकदम शांतता. सरांना वाटलं, बाई प्रभावित झाल्या.

"साखरेऐवजी काय घातलंय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. "पाकीट बघून सांगा. आत्ता!"

सर पाकीट शोधायला धावले. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं होती. "झा... झाय... झायली... हे काय झायलंय?"

"झायलिटॉल?"

"हां! तेच!"

"ताबडतोब घेऊन या. माणसाला चालतं ते, कुत्र्याला विष आहे. रक्तातली साखर धाडकन खाली येते, यकृत जातं. घरी मिठाचं पाणीबिणी पाजत बसू नका. पाकीट बरोबर आणा!"

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. साखर विष नाही, आणि बिनसाखरेचं ते विष? मधुमेह अप्पांना आणि साखर उतरणार कुत्र्याची? डोक्याचा पार भुगा झाला. त्यांनी भाऊसाहेबांना काखोटीला मारलं, पाकीट मुठीत धरलं आणि ते ओरडले, "अप्पा, चला! भाऊसाहेबांनी विष खाल्लंय!"

वर्तमानपत्र खाली पडलं. अप्पांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

खाली स्कूलची गाडी उभी होती आणि चालकाच्या सीटवर पट्टा बांधून एक मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या. त्यांच्या शिकवणीची वेळ झाली होती. शाळेत बाईंची सावली पडली तरी वर्ग गप्प व्हायचे. गाडीत मात्र त्या दुसऱ्या गिअरच्या पुढे गेल्या नव्हत्या. जिन्यातून आलेल्या सरांच्या आरोळीतलं 'भाऊसाहेबांनी विष खाल्लंय!' एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. पाठोपाठ त्यांना दिसलं काय, तर कुत्रा कवटाळलेले, घामाने डबडबलेले सर आणि मागून लटपटत येणारे एक पांढरेफटक वृद्ध गृहस्थ!

"बाई, उतरा, मी चालवतो!"

बाईंनी पट्टा ओढला. तो निघेना. सरांनी ओढला. पट्टा हट्टालाच पेटला.

"राहू दे!" बाई कडाडल्या. "वेळ घालवू नका. भाऊसाहेब, तुम्ही मागे आडवे व्हा!"

हे त्या अप्पांना म्हणाल्या. अप्पा घाबरून खरंच आडवे झाले. सर शेजारी बसले, कुत्रा मांडीवर.

आणि काय सांगावं! बाईंनी तिसरा गिअर टाकला. मग चौथा! सवयीने सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पडत होता आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती.

"सर, ब्रेकवरचा पाय काढा!"

"काढला, बाई!" सर विद्यार्थ्यासारखे म्हणाले. इकडे भाऊसाहेबांनी त्यांच्या खिशात नाक खुपसलं होतं. खिशात काय आहे ते सरांना आत्ता आठवलं. एका हाताने खिसा दाबत, दुसऱ्याने कुत्र्याचं तोंड धरत ते ओरडू लागले, "डावीकडे! डावीकडे!"

आरशात बघत बाई हळव्या आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, का हो असं केलंत? या वयात?"

"मोह आवरला नाही," मागून अप्पा कसेबसे म्हणाले. "एकेक करत सगळाच..."

"घरात कुणी काही बोललं का?"

"सून बोलते. रोज एकच, म्हणते."

"रोज?" बाईंच्या हातून स्टिअरिंग सुटायचंच बाकी होतं. "सून रोज देते?"

"ब्रेक!" सर किंचाळले. दवाखाना आला होता.

पाटीवर गाय, पोपट आणि मांजर पाहून बाई गाडीतच थिजल्या. "सर, हा जनावरांचा दवाखाना आहे!"

"मग कुठे नेऊ?"

"वडिलांना इथे?"

"वडिलांना काय झालंय?" असं म्हणत सर आत पळालेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी भाऊसाहेबांच्या पायातून रक्त काढून तपासलं. साखर ठीक होती. उलटीचं इंजेक्शन दिलं. भाऊसाहेबांनी अत्यंत नाराजीने सकाळचं जेवण परत केलं, त्यात केकचा जेमतेम चिमूटभर भुगा.

"बाकीचा केक कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आणि तुमच्या खिशातून हे काय गळतंय?"

"चॉकलेट," सर पुटपुटले. "सुरक्षित जागा म्हणून..."

डॉक्टरीणबाई काही बोलणार, तेवढ्यात अप्पा दारात आले. डोळे भरलेले, एक हात पोटावर.

"मी खाल्ला," ते म्हणाले. "सगळा. ताटली तेवढी ह्याच्यापुढे ठेवली, म्हटलं, मुक्या जिवालाही वास आला असेल. तू विचारलंस तेव्हा लाज वाटली रे. आणि मग तू विष म्हणालास..." त्यांनी भाऊसाहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. "वाचेल ना हो हा?"

"वाचेल. चाटलेलं थोडंच आहे आणि वेळेवर आणलंत. पण संध्याकाळपर्यंत इथेच बसायचं, मी साखर पुन्हा तपासणार." डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्या पोटाकडे पाहिलं. "आणि काका, झायलिटॉल माणसाला विष नसलं, तरी अख्खा केक म्हणजे... पोटात गुडगुडतंय का?"

"तेच विचारायचं होतं," अप्पा घाईघाईने म्हणाले. "इथे ते... कुठे आहे?"

मग सगळे बाहेरच्या बाकावर बसले. मुख्याध्यापिका बाई भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होत्या. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. पायाला पट्टी बांधलेले भाऊसाहेब सरांच्या मांडीवर होते. कोपऱ्यातलं दार उघडायचं, अप्पा बाहेर यायचे, बाकापर्यंत पोचायच्या आत पुन्हा मागे वळायचे.

समोर मांजर घेऊन बसलेल्या एका काकूंना राहवलं नाही. "काय झालंय हो?" त्यांनी कळवळून विचारलं.

"केक खाल्ला."

"अरेरे! कुत्र्याने?"

सरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. मग पुन्हा बंद झालेल्या दाराकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "वडिलांनी."

काकूंनी मांजर जवळ ओढलं आणि त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.