दीक्षान्त समारंभात गप्प कसे बसावे

धर्मपाल गजभिये यांनी त्या सकाळी खांद्यावर निळा शेला टाकायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं फिसकटलं. शेल्याचा काही दोष नव्हता. चांगला जरीकाठी शेला, मागच्या रविवारी विहारात सत्कारात मिळालेला. सत्कार खरं तर त्यांच्या मुलीचा, दीपमालाचा होता. तिला एमएस्सीला रसायनशास्त्रात सुवर्णपदक मिळालं होतं. पण दीपमाला त्या दिवशी आलीच नाही, आणि आणलेला शेला परत कसा न्यायचा म्हणून समितीने तो वडिलांच्या गळ्यात घातला. धर्मपालनी मान इतक्या तत्परतेने पुढे केली की सत्कार नेमका कुणाचा, हे समितीसुद्धा विसरली.

धर्मपाल रायपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. आवाज असा की फलाटाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा हमाल ओझं खाली ठेवतो. पण आवाज परवडला, अशी त्यांची शिट्टी होती. दोन बोटं तोंडात घालून वाजवलेली, आणि कायम दीपमालासाठी. ती तिसरीत असताना स्नेहसंमेलनात नाचत होती, तेव्हा यांनी शिट्टी मारली. पोरीला वाटलं नाच संपला, ती अर्ध्यातून आत निघून गेली. दहावीच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांच्या हातून माईक पडला. तेव्हापासून घरात कसलाही समारंभ निघाला की पोरगी आधी बापाच्या बोटांकडे पाहायची.

म्हणूनच विद्यापीठाने व्हॉट्सॲपवर ‘पाहुण्यांसाठी सूचना’ धाडल्या, तेव्हा दीपमालाने त्या वडिलांना समोर बसवून वाचून दाखवल्या आणि वर स्वतःच्या चार जोडल्या.

“बाबा, ध्यान से सुनो. सौम्य रंगाचे कपडे. तुमची सफारी नाही. एकदा सुरू झालं की जागेवरून उठायचं नाही. कोणाशी बहस नाही. वॉलंटियर जे सांगतील ते चुपचाप ऐकायचं. और सबसे बड़ी बात...”

“शिट्टी नाई,” धर्मपाल पडेल आवाजात म्हणाले.

“टाळीसुद्धा नाही. सगळ्यांना देऊन झालं की एकदाच.”

“पोट्टीले गोल्ड मेडल भेटते अन् बापानं काय दातखिळी बसल्यावानी पाहत राहायचं?”

“हव,” आतून कांताबाई म्हणाल्या. “एक दिवस तरी माणसावानी बसा. मी तर कायले घेऊन जाऊ तुमाले, असंच म्हणून राहिली होती.”

दीपमालाचा आवाज मग हळू झाला. “बाबा, माझं पूर्ण डिपार्टमेंट तिथं असणार. पुढे ज्या मॅडमकडे पीएचडी करायची, त्या मंचावर असणार. मेरी हँसी मत होने देना.”

हे मात्र धर्मपालना लागलं. ते उठले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, “जा बेटा. शब्द देलो. तोंडातून हवा निघणार नाई.” आता या फोटोसमोर दिलेला शब्द मोडायची गजभियांच्या घराण्यात कुणाची छाती नव्हती.

कपड्यांचा प्रश्न सोपा होता. या घरात मंगल कार्य म्हटलं की पांढरं, हे ठरलेलं. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र दिनालाच बाहेर निघणारा धर्मपालांचा कडक इस्त्रीचा कुर्ता-पायजामा निघाला, कांताबाईंची पांढरी साडी निघाली. त्यावर आला शेला.

“अजी, पाहुणे होऊन चालले का नवरदेव?” कांताबाईंनी विचारलं. “ठेवा तो घरी.”

“कांता, मी गोल्ड मेडलचा बाप आहो. थोडं तर दिसलं पाहिजे.”

दीपमाला पहाटेच रिहर्सलला गेली होती, तिचा पोशाख पिशवीत घडी करून. विद्यापीठाने यंदापासून काळे झगे बंद करून विद्यार्थ्यांना पांढरा कुर्ता आणि शाखेप्रमाणे रंगाचा शेला असा पोशाख ठरवला होता. विज्ञान शाखेचा रंग निळा. ही गोष्ट धर्मपालना एका प्रश्नात कळली असती. पण आठवडाभर त्यांना स्वतःच्या कुर्त्याच्या इस्त्रीतून सवडच मिळाली नव्हती.

नवा रायपुरात बस मिळेल या भरवशावर कुणी शहाणा माणूस राहत नाही, म्हणून त्यांनी ऑटो ठरवला आणि त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून वेळेच्या कितीतरी आधी विद्यापीठात पोचले. फाटकाशी मोठी गंमत चालली होती. एक कुटुंब थेट ढोल घेऊन आलं होतं आणि रखवालदार तो काढून घेत होता. एक काका ब्लेझरमध्ये उकडून निघत होते. एका बाईने लग्नातला शालू नेसला होता आणि ती कडेवरच्या बाळाला “दीदी को आवाज दो” असं शिकवत होती. धर्मपालनी या सर्वांकडे दयेने पाहिलं. सूचना न वाचणाऱ्या लोकांचं असंच व्हायचं.

जागा छान मिळाली. कांताबाई बसल्या. धर्मपालही बसले, आणि बसताक्षणी त्यांना आठवलं की सुरू झाल्यावर उठायचं नाही. नियम म्हणजे नियम. “मी जरा मोकळा होऊन येतो,” म्हणून ते गेले. परत येताना दारातच गळ्यात पट्टी घातलेली एक मुलगी आडवी आली. पट्टीवर नाव होतं पूर्णिमा, आणि तिच्या कपाळावर घाम होता.

“सर! आप इधर घूम रहे हैं? लाइन लग गई है!”

“नहीं बेटा, मैं तो...”

पूर्णिमाने पांढरा कुर्ता पाहिला, निळा शेला पाहिला, पांढऱ्या मिशा पाहिल्या. “साइंस. पीएचडी,” तिने स्वतःच निकाल दिला. “चलिए, चलिए.”

“अवो पण ऐक तर...”

“सर प्लीज, बहस का टाइम नहीं है!”

बहस! धर्मपालांचं तोंड खटकन मिटलं. कोणाशी बहस नाही, वॉलंटियर सांगतील ते चुपचाप ऐकायचं. पोरीला दिलेला शब्द समोर उभा राहिला आणि ते मुकाट तिच्या मागे चालू लागले. (पार्सल ऑफिसात तीस वर्षांत त्यांनी साहेबाचंही इतकं ऐकलं नव्हतं.)

ओळीत सगळे पांढरे, सगळ्यांच्या खांद्यावर निळं. आपल्या समाजाची इतकी माणसं एका जागी पाहून धर्मपालना क्षणभर भरून आलं आणि ते पुढच्या माणसाला “जय भीम” म्हणाले. तो चाळिशीतला, टक्कल पडू लागलेला माणूस दचकला, पण हसून “जय भीम सर, मैं लोकेश साहू” म्हणाला. मग कुजबुजला, “आपका विषय क्या रहा?”

“पार्सल,” धर्मपाल म्हणाले.

“पार्सल?”

“बुकिंग और डिलिव्हरी. बीच-बीच में क्लेम.”

“अच्छा, ॲप्लाइड है,” लोकेश आदराने म्हणाला. “कितना समय लगा?”

“तीस साल हो गए. अभी चालूच है.”

लोकेशने वाकून त्यांचे पाय धरले. “मेरे ग्यारह साल में बीवी मायके चली गई थी. आप धन्य हैं, सर.”

खुलासा करायला धर्मपाल वळणार, तोच बँड वाजला आणि ओळ चालू लागली. मागून पीएचडीवाले ढकलत होते. दार उघडलं. अख्खं सभागृह उभं राहिलं, कारण मिरवणूक येताना पाहुण्यांनी उभं राहावं असं सूचनांमध्ये होतं. दिव्यांच्या झगमगाटात, कुलगुरूंच्या मागोमाग, मान ताठ करून पार्सल क्लार्क गजभिये आत शिरले. आता खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्यांना फार छान वाटलं. पाय आपोआप बँडच्या ठेक्यात पडू लागले.

कांताबाईही नियमाप्रमाणे उभ्या होत्या. शेजारच्या शालूवाल्या बाईने विचारलं, “अरे, ये तो अभी आपके साथ बैठे थे ना? आपके मिस्टर भी डॉक्टर हो रहे हैं?”

“हव,” कांताबाई म्हणाल्या. “मलेही आत्ताच माहीत पडलं.” (हे त्यांनी नंतर घरी सांगितलं, आणि मग प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.)

पदकवाल्यांची रांग अगदी पुढे होती. तिथल्या दीपमालाने सहज मान वळवली, बापाला पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं, आणि मग इतक्या झटक्याने वळली की तिच्या शेल्याने शेजारणीचा चष्मा उडाला. धर्मपालनी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला की मी काही केलं नाही, मी ऐकून राहिलो. डोळ्यांनी इतकं लांब वाक्य जात नाही.

पीएचडीवाल्यांपासूनच सुरुवात झाली. एकेक जण मंचाच्या पायऱ्यांशी जाई, तिथला अधिकारी नाव विचारी, वर पुकारा होई. लोकेश साहू वर गेला, डॉक्टर होऊन उतरला. आता पायरीशी धर्मपाल.

“नाम?”

“धर्मपाल गजभिये.” नाव खरंच सांगितलं, खोटं कसं सांगणार?

अधिकाऱ्याने कागद वर केला, खाली केला. त्याचा चेहरा उतरला. “सर, नाम छूट गया है. हमारी गलती है. आप शोर मत कीजिए,” तो हात जोडून म्हणाला आणि त्याने एक कोरी फाइल धर्मपालांच्या हातात कोंबली. “आप चढ़ जाइए, सर्टिफिकेट घर भेज देंगे.”

वर प्रमुख पाहुणे हसून हात पुढे करून उभे. पायरी समोर. फक्त चढायचं होतं. धर्मपालनी दीपमालाकडे पाहिलं. पोरगी दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली होती, आणि तिच्या गळ्यातला निळा शेला तिने दोन वर्षं प्रयोगशाळेत जागून मिळवलेला होता. ते त्यांना आत कुठेतरी टोचलं. शब्द राहिला बाजूला, असलं फुकटचं पोरीच्या देखत घ्यायचं नाही.

“साहेब,” ते म्हणाले, आणि ते पार्सल ऑफिसच्याच आवाजात म्हणाले, शेजारी निवेदिकेचा माईक चालू असताना, “मैं पीएचडी नहीं हूँ! मैं गोल्ड मेडल का बाप हूँ!”

सभागृह असं हसलं की फाटकावर जप्त ढोल सांभाळत बसलेला रखवालदार आत डोकावला. कुलगुरूंनी रुमाल तोंडाला लावला. दीपमालाच्या होणाऱ्या मॅडम तर चक्क डोळे पुसत होत्या. पूर्णिमा धावत आली, लाल झाली, “सॉरी अंकल” म्हणाली (सर गेलं, अंकल आलं). मधून पाहुण्यांकडे परत जायला वाट नव्हती, म्हणून तिने त्यांना पुन्हा डॉक्टर लोकेशशेजारी नेऊन बसवलं.

धर्मपाल चोरासारखे बसले. पोरीचं हसं झालंच होतं. आता उरलेला शब्द तरी पाळायचा, जीव गेला तरी. पदकं सुरू झाली. “रसायनशास्त्र, सुवर्णपदक, दीपमाला धर्मपाल गजभिये” असा पुकारा झाला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप वर निघाली. त्यांनी डाव्या हाताने ती पकडली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यावर बसले.

“सर, तबीयत?” लोकेशने घाबरून विचारलं.

“चूप,” धर्मपाल दातांतून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दीपमाला पायऱ्या चढली. वाकली. पदक तिच्या गळ्यात पडलं आणि दिव्यात चमकलं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

आणि त्या शांततेत शिट्टी वाजली.

काय शिट्टी होती! लांब, गोल, वर चढत गेलेली, छताला लागून परत आलेली. धर्मपाल आ वासून मागे वळले. पाहुण्यांच्या रांगांत पांढरी साडी नेसलेल्या कांताबाई उभ्या होत्या, आणि तोंडातली दोन बोटं काढून पदर सावरत, जणू काही झालंच नाही अशा, खाली बसत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला शिट्टी येते हे धर्मपालना माहीत नव्हतं. मंचावर दीपमालाच्या डोळ्यांवर दिवे होते, मागचं काही दिसत नव्हतं. तिने सरळ दुसऱ्या रांगेत बापाकडे बोट रोखलं. सगळं सभागृह पुन्हा हसलं आणि प्रमुख पाहुण्यांनी नियम मोडून टाळी वाजवली.

बाहेर हिरवळीवर समोशांचे डबे वाटत होते. दीपमाला पदक सांभाळत धावत आली.

“बाबा! शब्द दिला होता ना?”

धर्मपालनी तोंड उघडलं आणि कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाई समोसा फोडून आतला वाटाणा बघत होत्या. “सांगा ना पोरीले,” त्या म्हणाल्या. “आता काहून चूप बसले?” त्या आवाजाचा अर्थ ‘सांगून तर पाहा’ असा होतो, हे धर्मपालना पक्कं ठाऊक होतं.

“चुकलं माझं, बेटा,” ते म्हणाले.

“चुकलं काय!” दीपमालाने त्यांच्या दंडाला घट्ट मिठी मारली. “मी मना केलं खरं, पण वर उभी राहिली ना, तर मी वाटच पाहून राहिली होती. नसती वाजली, तर मला रडू आलं असतं. मॅडम पण म्हणाल्या, ऐसे पापा सबको मिलें.”

धर्मपालनी खांद्यावरचा शेला सारखा केला. पीएचडी त्यांनी प्रामाणिकपणे परत केली होती. एवढी एक शिट्टी आपल्या नावावर राहिली तर कुणाचं काय जातं, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी छाती थोडी पुढे काढली.

“और एक बात बोलूँ, बाबा?”

“बोल ना, बेटा.”

“लहानपणापासून तुमची शिट्टी ऐकून राहिली मी,” दीपमाला म्हणाली. “आज पहिल्यांदा ढंगाची वाजली.”