हवेचा आकडा आणि हौसाबाईंची शेगडी

सरकारी काम चोख कसं करायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्याकडे यावं! वागळे इस्टेटजवळच्या एका चौकात हवा मोजायचं यंत्र बसवायचं होतं. मी ते महिन्याभरात बसवून टाकलं. पावणेदोन कोटींचं यंत्र, वर भलामोठा बोर्ड. हवा किती वाईट, त्याचा आकडा त्यावर दिसणार.

फक्त वीज नव्हती. वीज कंपनी म्हणाली, "मीटर हवा तर पर्यावरण विभागाचं ना-हरकत पत्र आणा." पर्यावरण विभाग म्हणजे आम्हीच! आमच्या साहेबांनी फाइलवर शेरा मारला, 'आधी तिथली हवा मोजावी, मग पत्र द्यावे.' इकडे उद्घाटन तोंडावर आलेलं. मी डोकं लढवलं आणि डिझेलचा जनरेटर भाड्याने आणून यंत्राला खेटून उभा केला.

फीत कापली, बटण दाबलं, टाळ्या! बोर्डावर आकडा आला: ४८७. पाहुणे नाकाला रुमाल लावून गाडीत बसले.

साहेबांनी धूळ बसवायला साठ लाखांची पाण्याची तोफ मागवली, शिवाय चौकशी लावली. वीस फुटांत धूर कोण करतं? जनरेटर सरकारी कामाचा, तो यादीत धरायचा नव्हता. उरली हौसाबाईंची कोळशाची शेगडी. माणदेशातून आलेली ही बाई बावीस वर्षं तिथे कणसं भाजते, त्यावर तिचं घर चालतं. सात दिवसांत कणसांची हातगाडी हलवा, अशी नोटीस मीच तिच्या हातात दिली.

तिने ती घडी करून कमरेला खोचली. "इंजिनेरसाहेब, मी अडाणी हाय. पर तुमचं ते धुराडं सरळ त्या डब्याच्या नाकात धूर सोडतंय, ते दिसंना व्हय?"

मी बघितलं. दिसलं! फार लाज वाटली.

"मावशी, थांबा. तुमची नोटीस मी रद्द करून आणतो!"

शेजारच्या औषधांच्या दुकानातून हौसाबाईंच्या दिव्यासाठी एक वायर येत होती. त्याच वायरवर यंत्र जोडलं, जनरेटर बंद केला. हौसाबाईंना म्हटलं, शेगडी चांगली फुलवा. संध्याकाळपर्यंत आकडा ७८ वर आला. बोर्डाचा फोटो काढून मी धावत साहेबांकडे गेलो.

"शाब्बास रे!" साहेब खुश. "बघ, नुसती नोटीस दिली तर आकडा उतरला!"

"साहेब, शेगडी पेटलेलीच होती."

"मग विझली की आणखी उतरेल!"

"पण साहेब, जनरेटर बंद केला म्हणून..."

साहेबांनी चष्मा काढला. "जनरेटर तिथे ठेवायच्या कागदावर सही कोणाची आहे रे?"

सही माझी होती. मी फोटोसकट मोबाइल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई वाटच बघत होत्या. "काय म्हणलं साहेब?"

"हवा... सुधारली म्हणाले."

"मग गेली म्हणायची नोटीस!" त्यांचा चेहरा असा काही खुलला! त्यांनी उरलेला सगळा कोळसा शेगडीत ओतला, त्यातल्या त्यात कोवळं कणीस निवडून भाजलं आणि माझ्या हातात कोंबलं. पैसे घेईनात.

मला इतकं वाईट वाटलं, की खरं काय ते सांगून टाकायला मी तोंड उघडलं. पण काय करणार, त्यात कणीस होतं!