माझ्या शास्त्रशुद्ध कोंबड्या

गावठी कोंबड्या मला बघवत नसत, म्हणून मी विलायती पाळायच्या ठरवल्या. सारा घोटाळा एवढ्यावरून झाला.

लग्न होऊन मी सांगलीहून वाईजवळच्या या गावी आले, ती बी.एस्सी.ची पदवी आणि पुढेमागे साताऱ्याला बी.एड. करायचा हट्ट घेऊन. सासूबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते) पदवीचा कागद उलटासुलटा करून पाहिला नि म्हणाल्या, "आदी घरातलं एक काम धड करून दाव. मग जा पुढच्या जूनला."

काम मीच निवडलं. आत्याबाईंच्या सहा गावठी कोंबड्या होत्या. बारा-पंधरा अंडी घालायची, की खुडूक होऊन तीन आठवडे अंड्यांवर ठाण मांडायचं, वर जवळ जाणाऱ्याला टोचायचं! असल्या ऐदी प्राण्यांकडून काय होणार? मी पुस्तक मागवलं. इंग्रजी, रंगीत चित्रांचं. त्यात तांबडी ऱ्होड आयलंड होती, काळी मिनॉर्का होती, आणि पांढरीशुभ्र लेगहॉर्न. ही कधी खुडूक होत नाही, वर्षाला दोनशे अंडी!

"बसतच न्हाई? मग पिल्लं कोन काडनार?" आत्याबाईंनी विचारलं.

"मशीन," मी (जरा नाक उडवूनच) म्हणाले.

"आन् आनायची कवा?"

"फेब्रुवारीत. पुस्तकात तसंच आहे. साडेपाच महिन्यांनी अंडी सुरू."

आत्याबाईंनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, शेजारच्या तानुबाईंकडे बघितलं, आणि दोघी गप्प बसल्या. अडाणी माणसांना शास्त्र पचायला वेळ लागतो, असं मी मनाशी म्हटलं.

सहासष्टच्या फेब्रुवारीत पुण्याहून खोक्यातून पिल्लं आली. वाढून अठरा कोंबड्या टिकल्या. ही जात फार भित्री, हे पुस्तकात बारीक अक्षरांत होतं. (मीही भित्रीच.) झाकण पडलं की त्या उडत, त्या उडाल्या की मी किंचाळे, मी किंचाळले की त्या पुन्हा उडत. आमचे हे, लालासाहेब, कचेरीतून आले की विचारत, "अठराच ना? मला एकोणीस दिसतायत."

वीस जुलैला पहिलं अंडं! आठवड्याभरात टोपली भरली. ती मिरवत मी तानुबाईंकडे गेले.

"अगं पोरी, लांब धर ते! श्रावण हाय न्हवं!" त्या दाराआड झाल्या.

मी अशी दचकले की टोपली सुटता सुटता राहिली. गावभर तेच. श्रावण! माझ्या पुस्तकात जुलै होता, ऑगस्ट होता, श्रावण नव्हता. "जाऊ दे, महिन्याचा तर प्रश्न," मी घरी येऊन म्हणाले.

"म्हयन्याचा न्हवं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "औंदा अधिक हाय. दोन श्रावण. मग गनपती, मग पितर, मग घट. एकदम दसरा."

"मग पिल्लं आणायच्या आधीच का नाही सांगितलंत?"

"तवा तुजं पुस्तक बोलत हुतं. मदी कशी बोलू?"

त्यांच्या सहा ऐदी बायका आषाढात खुडूक बसून आता परसात पिल्लं हिंडवत होत्या. माझ्या अठरा जणी मात्र रोज, न चुकता, अंडी घालत. टोपल्या भरल्या, घमेली भरली, मग ह्यांची ट्रंक. पाचगणीच्या शाळा कुठला श्रावण पाळतात, म्हणून हे एक टोपली घेऊन घाट चढून गेले. तिथल्या खानसाम्यानं त्यांना मागच्या अंगणात नेऊन शाळेच्या स्वतःच्या दोनशे लेगहॉर्न दाखवल्या.

भाद्रपदात ट्रंकेतलं एक अंडं बार उडाल्यासारखं फुटलं. मग दुसरं. मी किंचाळले, अठरा जणी उडाल्या, आणि वासानं तानुबाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

नाकाला पदर लावून आत्याबाई परसात खड्ड्यात ट्रंक रिकामी करत होत्या. मी रडवेली होऊन विचारलं, "म्हणजे आता बी.एड...?"

"जा की," त्या म्हणाल्या. "मास्तरीनच हो. तितं सुट्ट्या सरकार छापून देतंय. तुला काय बी मोजाया लागायचं न्हाई."