अप्पा त्या दिवशी प्यायले नव्हते

मन्मथअप्पांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. माझ्या बँडमधल्या सगळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांची तेवढी सोडून. आता ऐंशी ओलांडली आहे, म्हणून लिहितो.

दुष्काळात लातुरात घागरभर पाण्यासाठी भांडणं व्हायची, तेव्हा अप्पा पहिलं फुलपात्र सॅक्सोफोनच्या पत्तीला द्यायचे. ही पत्ती म्हणजे बोटभर लांबीची पातळ लाकडी पट्टी. वाजवताना ती तोंडात येते, आणि भिजलेली नसली तर सूर नीट लागत नाही. शेजारीण ओरडायची, "अप्पा, लेकरं तहानली अन् तुमी लाकडाला पाणी पाजायलाव!"

"ह्येबी लेकरूच हाय अक्का. फक्त सुरात रडतंय," अप्पा म्हणायचे आणि पत्ती काढून तेच पाणी पिऊन टाकायचे.

भावाच्या किराणा दुकानात बसतानाही पत्ती तोंडातच. गिऱ्हाईकानं "डाळ आहे का?" विचारलं की मान डोलवत. "कोणती?" विचारलं तरी मान डोलवत. शेवटी भावानंच हात जोडले, "तू आपला वाजवायलाच जा बाबा."

असे ते माझ्या बँडात आले. तरुणपणी सिकंदराबादला रेल्वेच्या क्लबात एका गोवेकर म्हाताऱ्याकडून ते जॅझ शिकले होते. मी एकदा विचारलं, "जॅझ म्हंजे काय हो?"

"गानं घरून निघतं, गावभर हिंडतं, अन् जेवायच्या वक्ताला घरी येतं."

अप्पांचं गाणं जेवायच्या वक्ताला क्वचितच येई. वरातीत मध्येच ते मला म्हणत, "मास्तर, तुमी व्हा पुढं, म्या आलोच." आम्ही मांडवात पोचायचो, अप्पा अजून चौकात, आणि अर्धी वरात त्यांच्याभोवती. एकदा घोडाही त्यांच्यापाशी थांबला. घोड्यावर नवरदेव होता. मांडवात नवरी हार घेऊन ताटकळली. पण त्या लग्नानंतर गावात कुणी विचारलं, "बँड कुणाचा?" तर लोक सांगत, "अप्पाचा." पाटीवर नाव माझं होतं. हसत होतो, पण मला ते लागत होतं.

अप्पा प्यायचे, हे खरं. त्यांची एकुलती लेक महानंदा नांदेडला दिलेली. तिनं सांगून टाकलं होतं, "पिणं सुटल्याबिगर म्या माहेरी पाय ठेवणार न्हाई." अप्पांनी दारू सोडली. हात थरथरले की पत्ती तोंडात धरून बसत. अशी दोन वर्षं काढली.

मग लातूर जिल्हा झाला. एका समारंभात वाजवायला आम्हाला बोलावलं. अप्पांनी लेकीला पत्र घातलं आणि ती आली. तिला बायकांत पुढं जागा करून द्यायला अप्पा गेले. पत्ती फुलपात्रात भिजत होती. मी नखानं तिचं टोक चिरलं, केसाएवढं. आज साहेबांसमोर यांनी हिंडायला जाऊ नये, एवढंच, असं मी मनाला सांगितलं.

अप्पांची पाळी आली आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. लोक हसले. अप्पांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा मांजर. त्यांचे हात थरथरायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी मला विचारलं, "मास्तर, हा प्यालाय का?"

मी मान डोलवली. महानंदानं ते पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं ती नांदेडला परत गेली, आणि अप्पा बँड सोडून गेले.

काही वर्षांनी मनाचा हिय्या करून मी नांदेडला गेलो. अप्पा लेकीच्या घरामागच्या गल्लीत खोली घेऊन राहत होते. पिणारा माणूस जावयाला घरात नको होता. पण अप्पा मजेत दिसले, अंगानंही भरलेले.

"अप्पा, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"म्या पेलो नव्हतो मास्तर. पत्ती खराब निघाली."

"लेकीला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. पटलं न्हाई तिला. बरंच झालं." ते जवळ सरकले. "रोज पाचला तोंड हुंगायला येती. आली की घटकाभर बसती. पटलं असतं तर कशाला आली असती?"

पाचला महानंदा आली. "अप्पा, आ करा." हुंगून म्हणाली, "हं." मग डब्यातलं धपाटं त्यांच्यापुढं ठेवलं, सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून रागावली आणि दोरा ओवायला बसली. ओवता ओवता अचानक माझ्याकडं वळली.

"मास्तरकाका, तुमी जवळ होता. खरं सांगा, त्या दिवशी पेले होते का न्हाई?"

तिच्या पाठीमागून अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडात घास तसाच होता. त्यांनी हात जोडले.

"पेले होते," मी म्हणालो.

"बघा!" महानंदा अप्पांना म्हणाली आणि बटण लावायला त्यांच्या अगदी जवळ सरकली.

अप्पा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. "लई उपकार केले मास्तर," म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. माफ करा, एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते. ऑटो आला आणि मी बसलो.