डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची

दोरीची गाठ सुटली, ताडपत्री धप्पकन खाली आली आणि कडेवरचं बाळ खुदकन हसलं. त्याची आई मात्र दचकून दोन पावलं मागे सरली.

वर्कशॉपच्या मधोमध लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार उभी होती. दोन माणसांची, ठेंगणी, लांब नाकाची. तिच्या डाव्या बाजूचा दिवा गोल गरगरीत होता, भोवती चकचकीत कडी. चाकाला तारांच्या काड्या, दाराला वळणदार चांदीसारखी मूठ. उजव्या बाजूचा दिवा चपटा, बारीक, तिरका. चाक काळंकुट्ट, आणि दाराची मूठ पत्र्यात अशी बेमालूम बसवलेली की दार उघडतं तरी कुठून, असा प्रश्न पडावा. डावीकडून बघितलं तर आजोबांच्या तरुणपणची गाडी, उजवीकडून बघितलं तर नातवाच्या. आणि समोरून?

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. "अगं बाई! ही गाडी मला डोळा का मारतेय?"

तिनं घाईघाईनं ताडपत्री गोळा करायला घेतली. बोलण्यासारखं खूप होतं. पण त्यातलं बरंचसं तिच्याच अंगाशी येणारं होतं.

सासरे होते तोवर या वर्कशॉपची एक रीत होती. गाडी आली की डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. नाक आणि शेपूट सगळ्यात शेवटी, दोघांनी मिळून. आणि रोज हत्यारं ठेवायच्या आधी दोघांनी गाडीभोवती एक फेरी मारायची, एकमेकांचं काम बघायचं आणि खुसपटं काढायची. 'भावाइतकी बारीक खोड दुसरं कोण काढणार?' असं ते म्हणत. सासरे गेले, रीत राहिली. पण मागच्या गाडीवरून दोघांचं जे वाजलं, त्यात ती फेरी तेवढी बंद पडली.

वाद जुनाच होता. "गाडीला चेहरा असतो," असं थोरला, म्हणजे तिचे मोठे दीर, सगळ्यांचे दादा, म्हणायचे. "गोल डोळे, हसरं तोंड. आजच्या गाड्या बघ, सगळ्या रागावलेल्या. जणू आपणच त्यांचं काही घेऊन पळालोय."

"ज्यांनी ही गाडी बनवली, त्यांनी जुनी गाडी बनवली नव्हती," असं तिचा नवरा म्हणायचा. "त्या काळातली सगळ्यात नवी बनवली होती. आज ते असते तर त्यांनी हे गोल दिव्यांचे डबे लावले असते का?"

तिला दोघांचंही पटायचं, हीच तर पंचाईत होती. त्या दिवशी मात्र 'डबे' हा शब्द दादांच्या वर्मी लागला, त्यांनी धाकट्याच्या कामाला 'खेळणं' म्हटलं, आणि तेव्हापासून अबोला. दोघं तिच्यामार्फत बोलायचे. दादा स्पॅनर मागायचे तेही तिच्याकडे, आणि नवरा तिथंच हातभर अंतरावर उभा असला तरी ती तो त्याच्या हातातून घेऊन त्यांच्या हातात द्यायची. मग एक दिवस गाडीच्या मधोमध वरून खाली ताडपत्री लागली. धूळ उडते म्हणून, असं दोघंही म्हणाले. दादा पुढच्या दारानं यायचे, नवरा मागच्या, आणि मान पलीकडे वळवायची नाही अशी दोघांनी जणू शपथ घेतलेली. आता परवा गवंडी येणार होता. ताडपत्रीच्या जागी भिंत! भावाभावांत एकदा घातलेली भिंत हळूहळू घरभर पोचते, हे तिला माहेरीच कळलं होतं. वर्कशॉपमध्ये भिंत आली की जेवणाच्या टेबलावर यायला कितीसा वेळ?

ही लाल गाडी कॅप्टनची. कॅप्टन म्हणजे निवृत्त वैमानिक. गाडी देताना ते तिला म्हणाले होते, "नवं करायचं की जुनंच ठेवायचं, ते विचार करून फोन करतो." फोन काही आला नाही. पण दादा आले. "कॅप्टन गोल दिवेच म्हणाले ना?" तेव्हा बाळाला दात येत होते, रात्रभर जागरण झालं होतं, आणि नाही म्हणावं तर ती नवऱ्याच्या बाजूची ठरणार. ती म्हणाली, "हो दादा." दुपारी नवऱ्यानं विचारलं, "बारीक दिवे चालतील म्हणाले ना गं?" आता नाही म्हणावं तर ती दादांच्या बाजूची. ती म्हणाली, "हो रे." फोन आला की दोघांपैकी एकाला हळूच सांगू, असं तिनं ठरवलं होतं. ते हळूच राहूनच गेलं.

आणि आत्ता, ताडपत्री पडायच्या जरा आधी, कॅप्टनचा फोन आला होता. "इथं जवळच आलोय. गाडी घेऊनच जातो."

"अहो, पण नाक आणि मागचं व्हायचंय अजून..."

"नाकाचं काय घेऊन बसलात! आलोच."

दादा कसलीशी पट्टी आणायला गेले होते, नवरा दुसऱ्याच कसल्या तरी नळीसाठी. दोघं नसताना गाडी जरा पुसून ठेवावी म्हणून तिनं ताडपत्रीला हात लावला, आणि हे असं झालं.

"आई, बाळाला घ्या," ती एकदम म्हणाली. "गाडी भिंतीला चिकटवते. एक बाजू झाकली जाईल."

"आणि समोरून?"

"कोपऱ्यात नाक घुसवते."

"म्हणजे आपण त्यांना गाडीची पाठ दाखवणार?" सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं. "छान. पाव्हण्यांना पाठ दाखवायची आपल्या घरात पद्धत नाही, पण तुझं चालू दे."

किल्ली दादांच्या खिशात होती. पण हँडब्रेकला किल्ली कुठे लागते? ती आत बसली, स्टिअरिंग भिंतीकडे वळवलं आणि ब्रेक सोडला. वर्कशॉपच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतार होता. तो आजवर फक्त पाण्यालाच माहीत होता. आता गाडीलाही कळला.

"उजवीकडे!" सासूबाई ओरडल्या. "अगं, माझ्या उजवीकडे!"

सासूबाई गाडीकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यामुळे त्यांची उजवी ती तिची डावी. हे तिच्या लक्षात येईस्तोवर गाडी भिंतीला टाटा करून फाटकाकडे निघाली होती. तिनं सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी थांबली. शेपूट फाटकाच्या आत, आणि नाक, दोन्ही दिवे, दोन्ही दारं भर रस्त्यावर. नाकावर रंगकामासाठी कागद चिकटवलेला, त्यामुळे मारामारी करून आलेल्या माणसाला पट्टी बांधावी तसं गाडीचं रूप दिसत होतं. वर तो मिचकावलेला डोळा.

"निदान कुणी बघत तरी..." म्हणत ती हँडब्रेक ओढून उतरली. समोरचा शिंपी दुकानाबाहेर येऊन बघतच होता. त्यानं आतून बायकोलाही हाक मारली. एक सायकलवाला थांबला. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला.

"ढकलूया मागे," ती रडवेली होऊन म्हणाली.

"चढावर? तू, मी आणि हा?" सासूबाईंनी बाळाकडे बोट दाखवलं. बाळ स्वतःचा मोजा चोखत होतं.

तेवढ्यात रस्त्याच्या एका टोकाला दादा दिसले. ते गाडीच्या डाव्या अंगानं येत होते. गाडी रस्त्यावर कशी, म्हणून आधी दचकले. पण मग त्यांना आपला गोल दिवा दिसला, आपली चाकं, आपली ती मूठ उन्हात झळाळताना दिसली, आणि त्यांची चाल मंद झाली. आपल्या पोराला बक्षीस घेताना बघावं तसे ते बघत राहिले. तिनं मान फिरवली. दुसऱ्या टोकाकडून तिचा नवरा येत होता. उजव्या अंगानं. त्याच्याही तोंडावर तेच बापाचं हसू.

दोघंही येत होते, दोघंही हसत होते. आणि गाडीच्या नाकापाशी दोघांचीही वाट संपत होती. "देवा," ती पुटपुटली, "निदान एकाची तरी चप्पल तुटू दे."

चप्पल कुणाचीच तुटली नाही.

"हा काय दिवा आहे?" दादा म्हणाले.

"माझं सोड. तू हे काय ताट लावलंयस?"

"कॅप्टननी सांगितलंय!"

"मलाही कॅप्टननीच सांगितलंय!"

दोघांनी एकदम तिच्याकडे बघितलं. शिंप्यानंही. "कॅप्टन काहीच म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "मीच हो म्हटलं. दोघांनाही."

"अगं, पण का?" नवरा म्हणाला.

"तिला काय विचारतोस?" सासूबाई कडाडल्या. "नाही म्हणायला तुम्ही दोघांनी जागा कुठे ठेवली होती? इकडून एक फुगलेला, तिकडून एक फुगलेला. मधे ती पोर किती दिवस चेपून राहणार?"

मग दादा, तिला ज्याची धास्ती होती तेच, गाडीकडे न बघता म्हणाले, "परवा भिंत होऊ दे. मग कुणाचा दिवा कुठला, हा घोळच नको."

"होऊ दे," नवरा म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमके त्याच वेळी कॅप्टन आले.

उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे कॅप्टन रस्ता ओलांडून गाडीच्या थेट समोर आले. कॅप्टननी गाडीच्या तोंडाकडे बघितलं, मान डोलावली, आणि "किल्ली?" म्हणाले. दादांनी यंत्रवत किल्ली काढून दिली. कॅप्टन आत बसले, गाडी चालू केली, डोळे मिटले आणि इंजिनाची घरघर ऐकत राहिले. बराच वेळ. मग गाडी बंद करून खाली उतरले.

"उत्तम," ते म्हणाले. "किती द्यायचे?"

दोघं भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी दादांनाच राहवलं नाही. "साहेब, गाडी जरा बघा तरी."

"बघितली की."

"नीट फिरून बघा. काही फरक दिसतो का?"

कॅप्टन गाडीभोवती फाटकापर्यंत गेले, तिथून परत येऊन दुसऱ्या बाजूनं फाटकापर्यंत गेले. ती नखं खात होती. ते समोर येऊन उभे राहिले, आणि बराच विचार करून म्हणाले, "हो तर. धुतलीत ना?"

"धुतली?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "साहेब, ही बाजू... ही बाजू आणि ती बाजू!"

"सारख्याच तर आहेत."

"सारख्या?" हे दादा. "अहो, हा दिवा बघा. आणि हा बघा!"

कॅप्टन वाकले. "हां, हा जरा बारीक झालाय. बल्ब गेला असेल. राहू दे हो, मी बदलून घेईन." आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका. मी आत बसून चालवतो. बाहेरून ती कशी दिसते, ते बघणाऱ्यांनी बघावं. मला विचाराल तर गोल काय नि चपटा काय, दिव्यानं रस्ता दिसला पाहिजे."

दादांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं दादांकडे बघितलं. ती दोघांकडे बघत होती, म्हणून तिला नेमकं दिसलं: दोघांच्याही कपाळावरची तीच एक शीर एकाच वेळी फुगली.

"साहेब," दादा म्हणाले, "गाडी आज मिळणार नाही."

"उद्याही नाही," धाकटा म्हणाला.

"अहो, पण का?"

"अर्धवट काम आम्ही बाहेर देत नाही," दादा म्हणाले. "किल्ली द्या."

"दादा, तू स्टिअरिंग धर, मी ढकलतो."

"कंबर सांभाळ. शिंपीबुवा, हात लावा जरा!"

गाडी चढावर मागे सरकली, आत गेली, आणि फाटक कॅप्टनच्या नाकासमोर बंद झालं. ती त्यांना घेऊन बाजूच्या ऑफिसात आली. खुर्ची दिली, सासूबाईंचा निवालेला चहा पुढे केला. बाळ आता तिच्या खांद्यावर होतं. मधल्या काचेच्या दाराआडून आवाज येऊ लागले.

"सारख्या म्हणे! तुझा डबा आणि माझा दिवा सारखा?"

"तेच म्हणतोय मी! तुझ्या दिव्याला ती कडी नसती तर निदान..."

"कडी काढू? आधी तुझी ती काळी चाकं काढ! बाबांनी बघितली असती तर..."

"बाबांनी तुझी मूठ बघितली असती तर आधी तिची हालणारी बिजागरी काढून दाखवली असती! ये, दाखवतो. ये इकडे. अरे ये ना!"

"आलो. कुठंय? आणि हे बघ, त्या गवंड्याला नको म्हणून सांग. भिंत आली तर गाडी वळवायची कुठून?"

"तेच म्हणत होतो मी पहिल्यापासून!"

"कधी म्हणालास? माझ्याशी बोलत तरी होतास का तू?"

काहीतरी लोखंडी खणकन आपटलं. कॅप्टननी कप खाली ठेवला. "भांडतायत का ते?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

तिनं कान दिला. दोन्ही आवाज गाडीच्या एकाच बाजूनं येत होते.

"हो," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. "कडाक्याचं."

"अहो, मग कुणीतरी जाऊन थांबवायला नको?"

सासूबाईंनी काही न बोलता आपली खुर्ची उचलली, काचेच्या दाराला आडवी लावली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.