कसोटीला उतरलेलं कपाट

नाण्यांचा संग्रह बिस्किटांच्या डब्यात ठेवणे हे नाण्यांच्या प्रकृतीस अपायकारक व सभासदाच्या प्रतिष्ठेस अशोभनीय आहे, असा ठराव नाणेप्रेमी मंडळाने एकमताने मंजूर केला. त्या दिवशी तपासनीस घरी येऊन जेवलेच नाहीत. माणूस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. उभा जन्म दुसऱ्यांच्या तराजूंवर शिक्के मारण्यात गेला, आणि स्वतःच्या घरात बिनशिक्क्याचा डबा!

"अहो, इतकी वर्षं त्या डब्यात नाण्यांना साधं पडसंसुद्धा झालं नाही," बायको म्हणाली.

"झालं नाही, पण होऊ शकलं असतं. आईचं नाणं आहे त्यात."

कुणाची वाट बघायची असली की सासूबाई ते चांदीचं नाणं मुठीत धरून अंगठ्याने चोळत बसायच्या. त्यावरच्या राजाचं नाक त्या काळजीतच झिजून गेलं होतं. बाकीची नाणी गेली खड्ड्यात, पण हे एक आपल्या लेकीच्या हाती जसंच्या तसं पडावं, एवढीच तपासनिसांची इच्छा होती.

मंडळाची एक लाकूड उपसमिती होती. तिचे चिटणीस जातीने घरी आले आणि आल्या आल्या त्यांनी दाराच्या चौकटीचा वास घेतला.

"लाकूड श्वास सोडतं, साहेब. ओकच्या पोटात आम्ल, सागात तेल, प्लायवूडमध्ये गम. नाणी काळी ठिक्कर पडतात. म्हणून आमची कसोटी. खणात एक नाणं महिनाभर बंद ठेवायचं. काळवंडलं, तर लाकूड नापास."

"कुठलंही नाणं?"

"छे! संग्रहातलंच. तुमच्या नाण्यांना काय सोसतं, हे परक्याचं नाणं काय सांगणार?"

तपासनिसांना हे बेहद्द पटलं. सागाचं कपाट आलं, नाणं काळवंडलं, कपाट परत गेलं. ओकचं आलं आणि गेलं. देवदाराने तर नाण्यावर हिरवी पुटं चढवली. दर वेळी तपासनीस काळं नाणं बायकोपुढे नाचवून म्हणत, "बघितलंस? सगळा संग्रह ठेवला असता, तर केवढ्याला पडलं असतं!" अशा रीतीने उरलेल्यांच्या रक्षणार्थ एकेका नाण्याने देह ठेवला. फर्निचरवाला आता बेल न वाजवता सरळ आत येई आणि चहा मागे.

शेवटी कपाट अशा एका लाकडाचं आलं, की चिटणिसांनी त्याचं नाव कानात सांगितलं. "हे पास होणार. फक्त कसोटीला नाणं द्या. काळं चालायचं नाही हं, काळ्यावर काळं दिसणार कसं?"

काळं नसलेलं एकच नाणं घरात उरलं होतं.

"ते नाही द्यायचं," बायको कडाडली. "मी उशाखाली ठेवते."

"उशी प्रमाणित आहे का?" तपासनिसांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"तुमची आई होती का प्रमाणित?"

तपासनिसांनी नाणं खिशात टाकलंही होतं. पण चिटणिसांनी हळूच विचारलं, "मग नापास लिहू का?" आणि इतकं देखणं कपाट विनाकारण नापास व्हावं, हा अन्याय काही त्या माणसाला बघवेना. त्यांनी नाणं काढून दिलं.

"एक किरकोळ बाब," चिटणीस खिशातून पावडरची पुडी काढत म्हणाले. "कसोटीपूर्वी नाणं आरशासारखं लख्ख लागतं. नाहीतर जुना डाग कुठला नि नवा कुठला?" आणि ते घासू लागले. राजाचं नाक आधीच गेलं होतं. आता कान गेले, मुकुट गेला, अक्षरं गेली, आईच्या अंगठ्याने पडलेला खळगा गेला.

महिन्याने खण उघडला. नाण्यावर एक ठिपका नव्हता! चिटणिसांना गहिवरून आलं. त्यांनी कपाटाच्या पाठीवर शिक्का मारला. तपासनीस ती पांढरी, गुळगुळीत चकती तळहातावर घेऊन अंगठा कुठे ठेवायचा ते शोधत राहिले. आईच्या आठवणीने त्यांना रडू कोसळलं.

"साहेब, हातमोजे!" चिटणीस ओरडले.

आता ते कपाट बघायला गावोगावचे सभासद येतात. खण ओढून बघतात, बिजागऱ्या वाखाणतात, फर्निचरवाल्याचा नंबर घेतात. आत काय आहे, ते दाखवा असं अजून एकानेही म्हटलेलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, आणि वाचकहो, उगाच मानभावीपणा नको, मघापासून तुमच्याही जिभेवर तोच घोळतो आहे: ते सगळं राहू द्या हो, लाकूड कुठलं?